ख्रिसोपोलिसचे बिशप

नांदेड अथवा लातूर येथील एखाद्या कॅथलिक गृहस्थास ‘तुमचे बिशप कोठले?’ असा प्रश्न केला, तर त्याचे उत्तर सरळ येते. 1977 साली अमरावतीच्या धर्मप्रांतातून मराठवाड्याचा मुलूख वेगळा काढून रोमने औरंगाबादचा धर्मप्रांत स्थापन केला. दोमिनिक आब्रेओ हे त्याचे पहिले बिशप झाले, आणि तेव्हापासून नांदेड-लातूरची कॅथलिक मंडळी त्या पीठाच्या अधिकाराखाली आहेत. जेथे बिशपांचे आसन, तेथेच त्यांचे मुख्य मंदिर, आणि त्याच गावाचे नाव त्यांच्या पदवीस जोडलेले. यात कोणास काही नवल वाटण्याचे कारण नाही.

परंतु साडेतीनशे वर्षांपेक्षाही पूर्वी दख्खनमध्ये एक बिशप असे होऊन गेले की, त्यांच्या पदवीतील गाव अरबस्तानात होते, त्यांचे वास्तव्य डिचोलीस होते, आणि त्यांच्या अधिकाराची हद्द कागदोपत्री थेट नळदुर्गाच्या पलीकडे भिडत होती. ज्या गावाचे ते बिशप म्हणवीत, ते गाव त्यांनी आपल्या अमलाखाली कधी घेतले नाही, आणि घेण्यासारखे तेथे काही उरलेलेही नव्हते. हे गृहस्थ युरोपीय नव्हते. गोव्यातील दिवाडी बेटावरील एका ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यात 1594 च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळचे आडनाव महाले. बाप्तिस्म्याचे नाव मातेउस दि कास्त्रो. लॅटिन विधीच्या कॅथलिक पंथात बिशपपदास पोचलेले पहिले हिंदी गृहस्थ ते हेच.

त्यांची पदवी पूर्ण उच्चारावयाची तर ती अशी: ‘ख्रिसोपोलिसचे बिशप व इदलकांवच्या राज्याचे व्हिकार अपोस्टोलिक’. यातील इदलकांव हे गावाचे नाव नव्हे. आदिलखान हा शब्द पोर्तुगीज जिभेवर घोळून त्याचे हे रूप झाले, आणि विजापूरच्या आदिलशहास ते लोक याच नावाने ओळखीत. ही पदवी 1637 साली दिली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी मोगलांनी उदगीर व औसा हे किल्ले घेतले होते, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत शिरले होते, आणि मोगल व विजापूरकर यांच्या दरम्यान तह होऊन निजामशाहीचा मुलूख वाटला गेला होता. नळदुर्ग मात्र विजापूरकरांकडेच राहिला. रोममध्ये बसून ज्यांनी ही पदवी लिहिली, त्यांना नळदुर्ग कोठे आहे हे बहुधा ठाऊक नसावे. तथापि आदिलशाही जेथवर, तेथवर या बिशपांचा अधिकार, असा त्या शब्दांचा अर्थ होता.

मग अरबस्तानातील गाव यात कोठून आले? हे उलगडण्यासाठी गोव्याची त्या काळची स्थिती पाहिली पाहिजे. पोर्तुगिजांनी गोवे 1510 साली घेतले. तेथे 1534 साली बिशपचे पीठ झाले व पुढे पंचवीस वर्षांच्या आतच ते आर्चबिशपचे पीठ बनले. पूर्वेकडील देशांत धर्मप्रसाराचा खर्च पोर्तुगालच्या राजाने सोसावा, मंदिरे बांधावी, धर्मगुरूंस वेतन द्यावे, आणि त्याच्या मोबदल्यात बिशपच्या जागी कोण बसावे हे नाव त्याने सुचवावे, असा करार पोपांनी त्या राजांशी केलेला होता. या हक्कास ‘पाद्रोआदो’ म्हणत. आपल्याकडे देवस्थानास इनाम देणारा राजा पुजाऱ्याच्या नेमणुकीत आपला शब्द चालावा असे म्हणतो, तशातलाच हा प्रकार. व्यवहार म्हणून तो गैर नव्हता. पण राजाचा पैसा आणि राजाची गलबते यांच्याबरोबर राजाच्या जातभाईंचा अभिमानही आला. गोव्यातील हिंदी तरुणांस धर्मगुरूची दीक्षा मिळे ती अगदी हात राखून. संन्यासी संघांची दारे त्यांना बंद होती, आणि मोठ्या अधिकाराची जागा तर त्यांच्या स्वप्नातही येण्याजोगी नव्हती.

मातेउस यांचे शिक्षण बारदेशातील रेईस मागोस येथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या विद्यालयात झाले. बुद्धी तीव्र, वर्तन निर्दोष. तथापि आर्चबिशप क्रिश्तोव्हांव द सा यांनी त्यांना गुरुदीक्षा देण्याचे साफ नाकारले. एवढ्यावर एखादा दुसरा तरुण स्वस्थ बसता, अथवा एखाद्या मंदिरात दुय्यम सेवेकरी म्हणून आयुष्य काढता. मातेउस यांनी 1625 च्या सुमारास खुष्कीच्या मार्गाने रोमची वाट धरली. लिस्बनच्या गलबतावर जागा मिळण्यासाठी ज्यांची परवानगी लागे, त्यांच्याच विरुद्ध गाऱ्हाणे घेऊन जावयाचे होते. तेव्हा जमिनीवरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या काळी हिंदुस्थानातून पायी, उंटावरून व मिळेल त्या होडीतून रोमपर्यंत जाणे म्हणजे काय, याची कल्पना आज आगगाडीत बसणाऱ्यास यावयाची नाही.

रोममध्ये ते अगदी योग्य वेळी पोचले. 1622 साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी धर्मप्रसाराच्या कामासाठी ‘प्रोपागांदा फीदे’ नावाचे एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले होते. राजांच्या हाती गेलेले हे काम हळूहळू पुन्हा पोपांच्या हाती आणावे, आणि ज्या देशात धर्म न्यावयाचा त्याच देशातील धर्मगुरू तयार करावेत, असे त्या मंडळाचे धोरण होते. फ्रांचेस्को इंगोली हे त्याचे पहिले चिटणीस. दूरदूरच्या देशांतून आलेली पत्रे वाचून टिपणे तयार करणारा हा मनुष्य मोठा चिकाटीचा होता, आणि दिवाडीहून आलेल्या या तरुणात त्याला आपल्या धोरणाचे चालतेबोलते उदाहरणच सापडले. मंडळाच्या आश्रयाने मातेउस यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. 1630 साली त्यांना रोममध्येच गुरुदीक्षा मिळाली. कार्डिनलांना ‘एमिनन्स’ म्हणून संबोधावे हा नियम पोप आठवे उर्बन यांनी केला तोही याच वर्षी. पदव्या आणि संबोधने यांचा त्या दरबारात केवढा बारकाईने विचार होत असे, हे यावरून दिसेल.

1633 साली ते गोव्यास परतले, ते पोपांची अधिकारपत्रे व मानाची पदवी घेऊन. परंतु गोव्यातील अधिकाऱ्यांनी ती पत्रे मानलीच नाहीत. पोपचे पत्र झाले तरी ते लिस्बनच्या दरबारातून मान्य होऊन आले पाहिजे, असा त्यांचा दंडक. आणि ही पत्रे तर त्या वाटेने आलेलीच नव्हती. दीक्षा नाकारली गेली होती तेव्हा ‘अधिकार कोठे आहे?’ असे विचारले गेले. अधिकार आणून दाखविला तेव्हा ‘तो कोणत्या वाटेने आला?’ असे विचारले गेले. मातेउस पुन्हा रोमला निघाले.

या वेळी इंगोली यांच्या मंडळाने निराळा डाव टाकला. कॅथलिक पंथात बिशपपदाचे दोन पदर असतात. एक दीक्षेचा: ज्याला बिशपची दीक्षा मिळाली त्याला दुसऱ्यास धर्मगुरू करण्याचे सामर्थ्य येते, आणि ते कोणासही काढून घेता येत नाही. दुसरा पदर अधिकाराचा: अमुक प्रांतावर, अमुक लोकांवर त्याचा हुकूम चालतो. विजापूरच्या राज्यात नवे पीठ स्थापून मातेउस यांना ‘विजापूरचे बिशप’ म्हटले असते, तर पीठावरील नेमणुकीचा आपला हक्क पुढे करून पोर्तुगालच्या राजाने ती नेमणूक रोखली असती. उलटपक्षी, कोणत्याच गावाचा नसलेला असा बिशप करणेही शक्य नव्हते. कारण कोणासही गावावाचून दीक्षा देऊ नये असा निर्बंध 451 सालच्या काल्सेदोनच्या धर्मपरिषदेने घालून ठेवला होता.

या पेचातून काढलेली वाट मोठी चतुर होती. पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथे प्राचीन काळी शेकडो बिशपपीठे होती. इस्लामी सत्ता आल्यावर तेथील ख्रिस्ती वस्ती आटली, कित्येक गावे ओसाड पडली. परंतु त्या पीठांची नावे रोमच्या दप्तरात तशीच राहिली. अशा नावांपैकी एखादे देऊन बिशपची दीक्षा द्यावयाची. गाव नावापुरते आहे, म्हणजे नियम पाळला गेला. गावात लोक नाहीत, म्हणजे कोणाच्या हक्कास धक्का नाही. अशा बिशपांच्या नावापुढे ‘अश्रद्धांच्या मुलुखातील’ या अर्थाचे लॅटिन शब्द लावीत. ते शब्द पोप तेरावे लिओ यांनी 1882 साली बंद केले, व तेव्हापासून अशांना नुसते नामधारी बिशप म्हणतात.

मातेउस यांच्या वाट्यास आले ते ख्रिसोपोलिस, रोमन साम्राज्याच्या अरबस्तान प्रांतातील एक लुप्त झालेले पीठ. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थ सुवर्णनगरी. दिवाडीच्या या मनुष्यास जहागीर मिळाली ती सोन्याच्या नगरीची, आणि तिच्यात धोंडासुद्धा त्याच्या मालकीचा नव्हता.

खरा अधिकार होता तो दुसऱ्या पदवीत. व्हिकार म्हणजे मुतालिक. स्वराज्याच्या दप्तराशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हा शब्द नवा नाही: मूळ अधिकारी दुसरीकडे असता त्याच्या नावाने व त्याच्या शिक्क्याने कारभार पाहणारा तो मुतालिक. व्हिकार अपोस्टोलिक हा खुद्द पोपचा मुतालिक; तो स्वतःच्या हक्काने नव्हे, तर पोपच्या हक्काने प्रांत चालवितो, आणि म्हणून त्याच्या नेमणुकीत कोणत्याही राजास हात घालता येत नाही. नाव सुवर्णनगरीचे, हुकूम पोपचा, आणि प्रांत आदिलशहाचा.

1637 साली रोममध्ये बिशपपदाची दीक्षा घेऊन मातेउस परत आले. आदिलशहाच्या मुलुखात, पण गोव्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्या डिचोलीस त्यांनी ठाणे केले. बांदे व वेंगुर्ले येथेही त्यांनी काम उभे केले. ठिकाणाची ही निवड सहज झालेली नव्हती. डिचोलीहून बारदेश व तिसवाडी हाकेच्या अंतरावर. ज्या तरुणांना गोव्यात दीक्षा मिळत नव्हती, त्यांनी सरहद्द ओलांडून यावे आणि धर्मगुरू होऊन परत जावे, हा त्यातील हेतू. तसे तरुण आले, आणि मातेउस यांनी त्यांना दीक्षा दिली. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्या दीक्षा मानण्याचे नाकारले. म्हणजे भांडण आता एका मनुष्याच्या मानापमानाचे राहिले नव्हते. डिचोलीस दीक्षा घेऊन परत आलेल्या मुलास आईबाप धर्मगुरू समजत होते, आणि त्याच मुलास गावच्या मंदिरात वेदीपाशी उभे राहू दिले जात नव्हते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच काळात गोव्यात आफोन्सो मेंदिस नावाचे एक पोर्तुगीज धर्माधिकारी राहत होते. त्यांची पदवी होती ‘इथिओपियाचे पॅट्रिआर्क’. इथिओपियाच्या राजाने त्यांना देशातून हाकलून दिले होते, पुन्हा तेथे जाण्याची आशा नव्हती, आणि ते मरेपर्यंत गोव्यातच राहिले. तरीही त्यांची पदवी खोटी आहे असे गोव्यात कोणी म्हटले नाही; उलट मातेउस यांच्या विरुद्ध रोमला कडाडून लिहिणाऱ्यांत हेच मेंदिस पुढे होते. गेलेल्या देशाचे पॅट्रिआर्क चालतात. गेलेल्या गावाचे बिशप मात्र चालत नाहीत! आणखी नवल असे की, पुढे रोमने मातेउस यांनाच इथिओपियाचे व्हिकार नेमले. ते काम तडीस गेले नाही, व ते पुन्हा विजापूरच्या मुलुखात परतले.

मातेउस यांचे चरित्र लिहिणारास त्यांचे दोषही लपविता येणार नाहीत. स्वभाव तापट, लेखणी तिखट, आणि अपमान विसरण्याची वृत्ती मुळीच नाही. 1653 साली त्यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नावाचे एक लांबलचक पत्र गोव्यातील आपल्या जातिबांधवांस उद्देशून लिहिले. त्यात पोर्तुगीज राज्यकर्त्यांवर व धर्माधिकाऱ्यांवर त्यांनी जो हल्ला चढविला आहे, त्याचे कारण समजण्याजोगे आहे. परंतु त्यांची तक्रार सर्व हिंदी ख्रिस्ती लोकांच्या वतीने नव्हती. ब्राह्मण कुळातील मनुष्यास मान का नाही, एवढाच त्यांच्या क्रोधाचा रोख होता. कुळवाडी अथवा कोळी ख्रिस्ती मुलाने दीक्षा मागितली असती तर या बिशपांनी काय केले असते, हा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही. 1654 साली आदिलशाही फौज बारदेशावर व साष्टीवर चालून आली, तेव्हा त्या स्वारीस मातेउस यांची फूस होती, व वेंगुर्ल्याच्या वखारीतील डच लोकांशीही त्यांचे संधान होते, असा आरोप पोर्तुगिजांनी केला. डचांशी पोर्तुगिजांचे त्या वेळी उघड युद्ध चालू होते, आणि डच हे कॅथलिक पंथाचे वैरी. एका कॅथलिक बिशपावर याहून भारी आरोप शोधूनही सापडला नसता.

1650 नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा रोमला गेले, ते परत आले नाहीत. आयुष्याची शेवटची जवळजवळ वीस वर्षे त्यांनी तेथेच काढली. इंगोली 1649 सालीच वारले होते. या म्हाताऱ्या बिशपांना मंडळाने सांभाळले, त्यांचा सल्लाही वेळोवेळी घेतला; पण हिंदुस्थानात पुन्हा पाठविले नाही. 1677 साली, वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, ख्रिसोपोलिसचे बिशप रोममध्ये मरण पावले. मांडवीच्या पात्रातील बेटावर जन्मलेल्या मनुष्याचा देह टायबरच्या काठी पडला.

त्यांच्यानंतर ही प्रथा मोडली मात्र नाही. कुस्तोदियो दि पिन्यो या गोमंतकीय धर्मगुरूंस ‘हिएरापोलिसचे बिशप’ करून विजापूर व गोवळकोंडा यांचे व्हिकार नेमण्यात आले. मातेउस यांचे पुतणे थॉमस दि कास्त्रो ‘फुस्सालाचे बिशप’ झाले, व कानडा मुलुखाकडे त्यांची नेमणूक झाली. हिएरापोलिस काय नि फुस्साला काय, दोन्ही गावे दप्तरातलीच.

मध्यंतरी गोव्यातच एक विलक्षण परिस्थिती उद्भवली होती. 1640 साली पोर्तुगाल स्पेनपासून फुटून निघाला. नव्या पोर्तुगीज राजास रोमने बरीच वर्षे मान्यता दिली नाही. राजा मान्य नाही म्हणून त्याने सुचविलेले नावही मान्य नाही. 1652 साली गोव्याचे आर्चबिशप वारले, आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्या पीठावर कोणी येऊन बसू शकले नाही. ज्या पाद्रोआदोच्या अभिमानापायी डिचोलीच्या बिशपास उंबऱ्याबाहेर ठेवले, त्याच पाद्रोआदोमुळे घर बिशपावाचून पडले. अखेर 1675 साली बाणावलीच्या जुझे व्हाज नावाच्या तरुणास गोव्याच्या धर्मप्रांतासाठी दीक्षेची एक पायरी चढवावयाची होती, तेव्हा ती दिली हिएरापोलिसच्या बिशपांनी, म्हणजे कुस्तोदियो दि पिन्यो यांनी. पुढल्या वर्षी नवे आर्चबिशप आंतोनियो ब्रांदांव यांच्याकडून जुझे व्हाज यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. या वेळी मागची पायरी खोटी आहे असे कोणी म्हटले नाही. पुढे सिंहलद्वीपात जन्म वेचलेल्या या जुझे व्हाज यांना 2015 साली कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले.

व्हिकारांच्या हातचा हा प्रांत पुढे ‘बृहत् मोगल’ या नावाने चालला, व 1720 मध्ये त्याचे ठाणे मुंबईस आले. 1886 साली पोप तेरावे लिओ यांनी हिंदुस्थानात रीतसर धर्मप्रांत स्थापिले, तेव्हा मुतालिकीची पद्धत बहुतेक ठिकाणी संपली. त्याच वर्षी गोव्याच्या आर्चबिशपांस ‘ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही पदवी मिळाली. तिचा अर्थ मानापुरताच होता, व आजही तेवढाच आहे. बिशपांना ‘एक्सलन्सी’ म्हणण्याचा नियम रोमने केला तो तर 1930 च्या अखेरीस.

लॅटिन विधीच्या धर्मप्रांतावर, म्हणजे नामधारी नव्हे तर खऱ्याखुऱ्या गावाच्या पीठावर, हिंदी मनुष्य बसण्यास 1923 साल उजाडावे लागले. त्या वर्षी तिबुर्तियस रोश हे दक्षिणेत तुतिकोरीनचे बिशप झाले. मुंबईत तर नामधारी पदवीची पायरी त्यानंतरही चुकली नाही. 1946 साली व्हॅलेरियन ग्रेशस यांना मुंबईचे साहाय्यक बिशप नेमले, तेव्हा त्यांच्या नावापुढे गाव लागले ते मिसरमधील टेनेसस. मुंबईच्या पीठावर आलटून पालटून पोर्तुगीज व इंग्रज आर्चबिशप बसविण्याचा 1928 सालचा करार तोवर अमलात होता. तो 1950 च्या जुलैमध्ये व्हॅटिकन व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या नव्या करारनाम्याने संपला. त्याच वर्षी डिसेंबरात ग्रेशस हे मुंबईचे आर्चबिशप झाले, व 1953 साली ते पहिले भारतीय कार्डिनल ठरले. कार्डिनल झाल्यावर त्यांच्या नावे रोममधील एक मंदिरही लागले, ‘सांता मारिया इन व्हिया लाता’. कार्डिनल हा रोमच्या धर्मगुरूंपैकीच एक, या जुन्या समजुतीप्रमाणे प्रत्येक कार्डिनलास असे मंदिर मिळते. मुंबईचे पीठ त्यांचे खरेखुरे होते, आणि रोममधले मंदिर मानाचे.

1977 साली मराठवाड्याच्या पहिल्या बिशपांचे नियुक्तिपत्र निघाले, तेव्हा ते रोमहून थेट आले. ते मान्य करण्यास लिस्बनचा शिक्का लागला नाही, आणि आब्रेओ यांच्या नावापुढे जे गाव लागले, ते ज्या पीठावर बसून त्यांनी कारभार केला त्याचेच होते.